पाय ताठरतात, गोळी सुरू आहे: आता काय काय सांभाळायचं?

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरहून मेंदू-मणक्याच्या तज्ज्ञाकडे जायचं म्हणजे बहुतेकदा अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. ताप, बाळंतपण, छोटी-मोठी दुखणी लोणार-मेहकरला भागतात. पण विहिरीच्या कामात पडून मणक्याला मार बसलेला माणूस, लकव्यानंतर मूठ न उघडणारी आजी, सेरेब्रल पाल्सीमुळे पायांना पाय आवळून धरणारं लेकरू यांची चिठ्ठी शहरात लिहिली जाते आणि गोळी मात्र घरी घेतली जाते.

वाचकांचे प्रश्न येतात ते या मधल्या अंतरातले. सुस्ती येते, कमी करू का? फरक नाही, वाढवू का? पाकीट संपलं आणि मेडिकलवाल्याने ‘तसलीच दुसरी’ दिली, चालेल का? आता बरं वाटतंय, बंद करू का? यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं दवाखान्याची पायरी उतरण्याआधीच मागून घ्यायला हवीत. काय मागायचं आणि घरी काय पाहायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. यातले आकडे डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून दिले आहेत, त्यावरून स्वतःचा डोस ठरवू नका.

आधी खात्री करा: ही पाठदुखीची गोळी नाही

‘मसल रिलॅक्संट’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या कामांच्या गोळ्या विकल्या जातात. कंबर धरली, मान अवघडली म्हणून चार-पाच दिवस मिळणारी गोळी वेगळी. तिच्यात बहुतेक वेळा वेदनाशामकाबरोबर क्लोरझॉक्सॅझोन किंवा थायोकोल्चिकोसाइड असतं. मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे स्नायू सतत आवळले जातात, हलवायला गेलं की अडतात, रात्री झटके देतात, त्या ताठरपणावर हे मिश्रण कामाचं नाही. थायोकोल्चिकोसाइडची तोंडाने घ्यायची गोळी सात दिवसांपेक्षा जास्त देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच बजावलं आहे. तरीही लकव्याच्या रुग्णाला ती महिनोन्‌महिने चालू असल्याचं दिसतं.

ताठरपणासाठी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्पॅस्टिसिटीसाठी, आपल्याकडे मुख्यतः बॅक्लोफेन आणि टिझॅनिडिन वापरतात. कधी डायझेपाम देतात, पण त्याची सवय लागते. तेव्हा पाकिटावरचं कंपनीचं मोठं नाव सोडा आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. टिझॅनिडिन पाठदुखीच्या काही मिश्र गोळ्यांतही असतं. ताठरपणासाठी ते आधीच सुरू असेल आणि कंबर दुखली म्हणून कुणी मिश्र गोळी दिली, तर एकच औषध दोन पाकिटांतून पोटात जातं आणि रक्तदाब खाली येतो.

सगळा ताठरपणा घालवायचा नसतो

हे ऐकून बरेच जण चकित होतात. पायात ताकद उरलेली नसते तेव्हा काही रुग्ण त्या ताठपणाच्याच आधारावर उभे राहतात, खाटेवरून खुर्चीत सरकतात. गोळी जास्त झाली की पाय मऊ पडतात आणि कालपर्यंत धरून उभा राहणारा माणूस आज खाली बसतो. घरचे म्हणतात, गोळीने कमजोरी आली. खरं म्हणजे कमजोरी आधीपासूनच होती, ताठरपणाने ती झाकली होती.

म्हणून डॉक्टरांना ‘पाय मोकळे करा’ असं मोघम सांगू नका. नेमकं काय जमायला हवं ते सांगा:

- रात्री झटक्यांनी झोपमोड होऊ नये.
- आंघोळ घालताना, कपडे बदलताना मांड्या उघडाव्यात.
- मूठ उघडून तळहात धुता यावा, नखं कापता यावीत.
- टाच जमिनीला टेकावी. व्हीलचेअरमध्ये घसरायला होऊ नये.

यातलं एक किंवा दोनच निवडा. पुढच्या भेटीत गोळीचा हिशोब त्यावरच करायचा. पूर्ण डोसपर्यंत पोहोचून सुमारे सहा आठवडे झाले आणि तरी काहीच बदललं नाही, तर बॅक्लोफेन हळूहळू काढून घेणं हाच शहाणपणा. उपयोग नसलेली गोळी वर्षानुवर्षं चालवण्यात अर्थ नाही.

डोस चढतो कसा

बॅक्लोफेन १९६२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तयार झालं, तेही फिटसाठी. फिटवर ते चाललं नाही, ताठरपणावर चाललं. ते मुख्यतः मज्जारज्जूत काम करतं, स्नायूला ‘आवळ’ म्हणणारे संदेश कमी करतं. त्याचा असर काही तासांतच ओसरतो, म्हणून ते दिवसातून तीनदा देतात.

मोठ्या माणसाला साधारणपणे ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं सुरू करून, दर तीन दिवसांनी किंवा त्याहून सावकाश थोडं थोडं वाढवतात. एकूण मर्यादा बहुधा दिवसाला ८० मिलिग्रॅमची धरतात, पण पुष्कळांचं काम त्याच्या निम्म्याहून कमीत भागतं. वयस्कांत आणखी सावकाश जावं लागतं. मुलांचा डोस वजन आणि वय पाहून ठरतो. मोठ्यांच्या गोळीचा अंदाजाने तुकडा मोडून लेकराला देऊ नका.

शहरातून परतताना डॉक्टरांकडून हे लिहून घ्या:

1. कोणत्या तारखेपासून सकाळ-दुपार-रात्र किती मिलिग्रॅम. फक्त ‘एक-एक-एक’ लिहिलेलं चालणार नाही, कारण बॅक्लोफेनची गोळी ५, १० आणि २५ मिलिग्रॅममध्येही मिळते. ‘एक’ तीच राहते आणि डोस पाचपट होतो.
2. कशापर्यंत वाढवायचं आणि काय दिसलं की तिथेच थांबायचं.
3. सुस्ती फार आली तर कुठला डोस आधी कमी करायचा. बहुतेकदा दुपारचा कमी करून रात्रीचा ठेवता येतो, पण हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायला हवं.
4. अडचण आली तर कुणाला फोन करायचा.

गोळी काहीतरी खाल्ल्यावर किंवा दुधाबरोबर घ्या, मळमळ कमी होते. ‘एक्सएल’ किंवा ‘एसआर’ लिहिलेली गोळी कुटू किंवा चघळू नका, आणि साध्या गोळीऐवजी ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, पण दोन एकदम नाहीत.

सुरुवातीचे काही दिवस गुंगी, चक्कर, अंगात त्राण नसल्यासारखं होणं, बद्धकोष्ठ असं होतं आणि पुष्कळांत ते हळूहळू कमी होतं. लघवी अडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, उठता-बसता डोळ्यांपुढे अंधारी येणं यावर मात्र वाट पाहत बसू नका. फिटचा त्रास असलेल्यांनी तो आवर्जून सांगावा, बॅक्लोफेनने फिट येण्याची शक्यता वाढू शकते. आणि त्यांची फिटची गोळी कुठल्याही कारणाने बंद पडता कामा नये.

किडनीचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय नाही

बुलढाणा जिल्ह्यात या मुद्द्यावर जरा जास्त थांबायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या बाजूची गावं, किडनीच्या आजारांसाठी बदनाम आहे. सुलतानपूर त्या पट्ट्यात येत नाही, पण सोयरिकी येतात, आणि अंगदुखीवर रोज वेदनाशामक खाण्याची सवय तर सगळीकडेच आहे.

बॅक्लोफेनचा बहुतेक भाग न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. किडनी मंद असेल तर ते अंगात साठतं, आणि साठलं की मेंदूवर जातं: माणूस असंबद्ध बोलतो, उठवता उठत नाही, श्वास मंदावतो. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात किडनीचा जुना आजार असलेल्या वयस्कांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त बॅक्लोफेन सुरू केलेल्यांपैकी सुमारे १.१ टक्के महिनाभरात अशा गोंधळलेल्या अवस्थेत रुग्णालयात दाखल झाले. कमी डोसवाल्यांत हे प्रमाण ०.४ टक्के होतं. आकडा छोटा वाटतो, पण रुग्णाला गाडीत घालून कित्येक किलोमीटर न्यायचं असतं तेव्हा तो छोटा राहत नाही.

गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, साठीच्या पुढे तर नक्कीच. डायलिसिसवरच्या रुग्णाला कुणी बॅक्लोफेन लिहिलं, तर ‘डायलिसिस चालू आहे’ हे तोंडाने सांगा, फाईल वाचली असेल असं गृहीत धरू नका. जुलाब-उलट्यांनी अंग कोरडं पडलं किंवा वेदनाशामकाचा कोर्स सुरू झाला, तरी हाच धोका वाढतो.

अचानक बंद करू नका

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. बरेच दिवस चालू असलेलं बॅक्लोफेन एकदम थांबलं, तर काही तासांपासून दोन-तीन दिवसांत ताठरपणा आधीपेक्षा जोरात उसळतो. पुरळ नसताना खाज सुटते, घाम येतो, ताप चढतो, नसलेली माणसं दिसू लागतात, फिट येते. फार झालं तर स्नायू विरघळायला लागून लघवी काळपट होते आणि जीव धोक्यात येतो. घरात याला ‘डोक्यात ताप गेला’ किंवा ‘बाहेरचं काही झालं’ असं नाव पडतं, आणि डॉक्टरला गोळी बंद झाल्याचं कुणी सांगतच नाही.

गोळी बंद पडते ती बहुधा हट्टाने नाही, साध्या कारणांनी:

- साठा संपतो. पावसात रस्ता बंद, सणाची सुट्टी, मेडिकलमध्ये माल नाही. घरात निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा. खेड्यातल्या मेडिकलमध्ये ही गोळी नेहमी असेलच असं नाही, दुकानदाराला दरमहा लागणार असल्याचं सांगून ठेवा.
- उपास आणि रोजे. एकादशीला पाण्याबरोबर गोळी घ्यायला काहीच हरकत नसते. रमजानमध्ये दिवसाचा डोस सुटतो, म्हणून महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून वेळा बसवून घ्या. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहेच.
- उलट्या. दिवसभर गोळी पोटात ठरत नसेल तर दवाखान्यात जा आणि पहिलं वाक्य बॅक्लोफेनबद्दल बोला.
- दुसऱ्या आजारासाठी दाखल होणं. तिथल्या कागदावर ही गोळी चढली आहे का, ते विचारा. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा.
- प्रवास. शेगावला जा नाहीतर लेकीकडे पुण्याला, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. डिकीतल्या बॅगेत नको.

थांबवायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत, कधी त्याहून सावकाश, पायरी-पायरीने उतरवतात. दोन-चार दिवस सुटलेली गोळी पुन्हा पूर्ण डोसने सुरू करायची का, हेही विचारूनच. वरची लक्षणं दिसली तर १०८ वर फोन करा आणि रिकामं पाकीट सोबत न्या. ते पाकीट तपासणीच्या चार कागदांपेक्षा जास्त सांगतं.

टिझॅनिडिन चालू असेल तर

टिझॅनिडिनची भीती वेगळी आहे. ते यकृतावर भार टाकू शकतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने यकृताची रक्ततपासणी करतात. ते रक्तदाबही उतरवतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खाटेवरून उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं. तेही एकदम बंद करायचं नाही, रक्तदाब आणि नाडी उसळते.

पण खरा सापळा वेगळाच आहे. मणक्याच्या रुग्णाला लघवीची नळी असते, जंतुसंसर्ग होतो, गावातला डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिन देतो. एरवी ते नेहमीचं औषध. पण सिप्रोफ्लॉक्सॅसिनबरोबर टिझॅनिडिनचं रक्तातलं प्रमाण दहापटीपर्यंत चढू शकतं. ही दोन औषधं एकत्र घ्यायची नाहीत. मानसिक आजारासाठी दिलं जाणारं फ्लुवोक्सामिनही तसंच. गर्भनिरोधक गोळ्यांनीही टिझॅनिडिनचा असर वाढतो. जवळच्या डॉक्टरकडे तापासाठी जरी गेलात, तरी चालू गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवा. त्यांना राग येणार नाही, आणि आला तरी बिघडत नाही.

अचानक ताठरपणा वाढला? गोळी वाढवण्याआधी अंग तपासा

ज्या भागात रुग्णाला जाणीव नसते, तिथलं दुखणं ताठरपणाच्या रूपाने बोलतं. म्हणून ओळीने पाहा: लघवीला वास, गढूळपणा, ताप, नळी मुडपली आहे का, पोट किती दिवस साफ नाही, पाठीवर, टाचांवर, माकडहाडावर लाल चट्टा किंवा जखम, अंगठ्याचं नख आत रुतलंय का, बूट, पट्टा, पायजम्याची नाडी काचतेय का, पडल्याने हाड तर मोडलं नाही ना, मूतखडा. कारण सापडून दूर झालं की पुष्कळदा ताठरपणा आपोआप पूर्वीवर येतो.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मणक्याची इजा असलेल्या रुग्णाचं डोकं एकाएकी फुटल्यासारखं दुखू लागलं, चेहरा लाल होऊन घाम आला, तर हा गोळीचा विषय नाही. त्याला उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी मोकळी आहे का बघा आणि तातडीने दवाखान्यात न्या. रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो.

रानात, गाडीवर, दारूबरोबर

डोस ठरत असताना आणि वाढवल्यानंतरचे काही दिवस मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबाकुट्टी यांपासून दूर राहा. सोयाबीनच्या हंगामात हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड, हे माहीत आहे. पण यंत्रात हात जायला एक डुलकी पुरते. विहिरीच्या काठावर, पाटाच्या बांधावर एकट्याने जाऊ नका.

दारू आणि ही गोळी एकत्र म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी कडक वेदनाशामकं, गुंगी आणणारी खोकल्याची औषधं यांनाही हेच लागू. गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. एखाद्याने जास्त घेतल्या आणि तो ढिला पडून उठेना, तर उलटी करवत बसू नका, कुशीवर वळवून १०८ बोलवा.

बाळ होऊ द्यायचं ठरवत असाल किंवा दिवस राहिले असतील, तर गोळी स्वतःहून बंद न करता आधी डॉक्टरांना सांगा.

गोळीच्या तासाचा उपयोग करून घ्या

गोळी घेतल्यावर साधारण तास-दीड तासाने स्नायू सर्वांत सैल असतात. पाय ताणण्याचा व्यायाम, आंघोळ, खुर्चीत बसवणं त्या वेळेला लावा. व्यायामाशिवाय नुसत्या गोळीने सांधे आखडायचे थांबत नाहीत. फिजिओथेरपिस्ट रोज परवडत नसेल तर एकदा जाऊन घरच्या दोघांनी ताण देण्याची पद्धत शिकून घ्या आणि ती मोबाइलवर चित्रित करून आणा.

लकव्यानंतर फक्त मूठ किंवा फक्त घोटा आवळला असेल, तर सगळ्या अंगाला गुंगी आणणाऱ्या गोळीपेक्षा त्याच स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन जास्त योग्य ठरू शकतं. लकव्याच्या वयस्क रुग्णांत बॅक्लोफेनचा फायदा कमी आणि गोंधळ जास्त असा अनुभव आहे. इंजेक्शनचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, खर्च बराच असतो, आणि त्या काळात व्यायाम केला नाही तर पैसे पाण्यात. गोळ्यांनी भागत नाही अशा तीव्र ताठरपणात पाठीच्या कण्याजवळ औषध सोडणारा बॅक्लोफेन पंपही बसवतात. तो मोजक्या मोठ्या केंद्रांतच होतो आणि नियमित भरून घ्यावा लागतो. ते जाणं-येणं जमेल का, हा प्रश्न आधी विचारा. असं मूल्यमापन कुठे करून घ्यायचं हे कळत नसेल, तर मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था आहे.

तुमचे हक्क

- वाचता येईल अशी चिठ्ठी आणि औषधाचं मूळ नाव. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य लिहायला हवं. ते असेल तर जनऔषधी केंद्रात स्वस्तात विचारता येतं. कंपनी बदलली तर मिलिग्रॅम तेच आहेत ना, एवढं पाहा.
- कागदपत्रं. मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांच्या नोंदी मिळायला हव्यात. डिस्चार्ज कार्डवर ताठरपणाच्या गोळीचा डोस लिहून घ्या.
- मोफत उपचार. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. क्रिएटिनिन तिथेच करून घ्या. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही, तिथलं शुल्क आधी विचारा.
- घरबसल्या सल्ला. केंद्राच्या ई-संजीवनी सेवेतून डॉक्टरांशी व्हिडिओवर मोफत बोलता येतं. डोसची शंका तेवढ्यावर सुटली तर शहराची एक फेरी वाचते.
- दिव्यांग प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि हालचालींचं अपंगत्व धरून २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड असेल तर एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, आणि तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करता येतो.
- निरामय विमा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ही योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आहे आणि तिच्यात दाखल न होता घेतलेले उपचारही येतात. मणक्याची इजा किंवा लकवा तिच्यात बसत नाही.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ठरावीक शस्त्रक्रिया आणि दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दरमहाच्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघेल या भरवशावर राहू नका.
- दुष्परिणामाची नोंद. औषधाने काही गंभीर झालं असं वाटलं तर १८०० १८० ३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. फोन करताना पाकिटावरचा बॅच क्रमांक जवळ ठेवा.